नऊ होल आणि एक मेमो

चिंधा सुरवाडे गोल्फ खेळत नसे, गोल्फ पुसत असे. पस्तीस वर्षं त्याने दुसरं काही केलं नाही. त्यातली अकरा वर्षं मी त्याच्या क्लबाचा मानद सचिव होतो, आणि पुसणं हे काम आहे असं मला तेव्हा कधी वाटलं नाही. नोकराने नोकरासारखं राहावं एवढंच मला कळत होतं, आणि ते मला फार चांगलं कळतं असा माझा समज होता.

आधी मैदान समजावून सांगतो, कारण भुसावळबाहेर हे सांगितलं की लोकांना मी थापा मारतोय असं वाटतं. गोल्फमध्ये होलभोवती मखमली हिरवळ असते, ती टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलेली आहे. आमच्याकडे मे महिन्यात पारा सत्तेचाळीसला जातो, माणसांना पाणी दिवसाआड मिळालं तरी नशीब. हिरवळीला कोण पाजणार? शंभरेक वर्षांपूर्वी रेल्वेच्या गोऱ्या साहेबांनी कडुनिंबाच्या बनातून नऊ होल आखले, तेव्हाच त्यांनी हिरवळीचा नाद सोडला. होलभोवती तीस फूट रुंद गोल वाळू पसरली आणि तिच्यात इंजिनाचं जळकं तेल कालवलं. वाळू काळपट होते, दबून बसते, वाऱ्याने उडत नाही, वळवाच्या सरीने वाहून जात नाही. याला ब्राऊन म्हणायचं. त्यावरून बॉल सतरंजीवरून गेल्यासारखा बिनआवाज घरंगळतो.

त्या वाळूचा एक स्वभाव होता. तिच्यावर पाऊल पडलं की ते राहायचं. अंगठा, टाच, बुटाची झिजलेली कड, सगळं. कोणी पुसलं नाही तर महिनाभर राहायचं. म्हणून खेळणारे पुढे गेले की चिंधा मागून यायचा. लोखंडी पाइपाला गोणपाट गुंडाळलेलं, ओढायला दोरी. मध्यावरच्या होलपासून सुरुवात करून तो गोल गोल बाहेर येत जायचा, आपली स्वतःची पावलंही मागच्या गोणपाटाखाली घेत. शेवटचं पाऊल कडेच्या गवतावर पडायचं. मागे वळून पाहिलं तर तिथे कधी माणूस फिरकलाच नव्हता असं वाटावं.

अंगाने काटक, घोट्यापर्यंत पाय तेलाने काळे, आणि ते काळेपण कुठल्याही साबणाला दाद देत नसे. आधीची दोन भावंडं दगावली म्हणून आईने नाव चिंधा ठेवलं. असल्या नावाचं पोर तरी मृत्यूला नकोसं वाटावं म्हणून. त्याची बायको कलाबाई अमळनेरकडची. चाळीस वर्षं भुसावळात काढून तिने आपली खानदेशी बोली सोडली नाही. चिंधा तिला त्यावरून चिडवायचा आणि ती त्याच्या 'मले-तुले'वरून त्याला.

आता मेमो. अठ्ठ्याण्णव सालच्या जानेवारीत वार्षिक कपाच्या सामन्यांना मुंबईहून एक बडे साहेब आले होते. मी चार दिवस झोपलो नव्हतो. चौथा होल चिंचेखालचा. आम्ही तिथे पोचलो तर ब्राऊनवर पावलांची सरळ रांग. बाईमाणसाची, अनवाणी, लहानखुरी. कलाबाई नवऱ्याचा डबा घेऊन आली होती आणि तिने जवळची वाट धरली होती. बडे साहेब हसले. "कोणीतरी आपल्याआधी खेळून गेलं वाटतं," म्हणाले आणि विसरून गेले. मी विसरलो नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसात बसून मी चिंधाच्या नावे मेमो काढला. दोन कलमं होती. एक, आपल्या पत्नीने मैदानाच्या हद्दीत प्रवेश करू नये. दोन, खेळ संपल्यानंतर कोणत्याही ब्राऊनवर कोणाचेही पाऊल राहता कामा नये. खाली सही, शिक्का, एक प्रत फाइलला. चहा येईपर्यंत मी तो विसरूनही गेलो. जन्मभर असे शेकडो कागद काढले, त्यातला एक.

त्यानंतर डबा तारेच्या कुंपणापाशी यायला लागला. कुंपणाबाहेर एक निंब होता, त्याखाली कलाबाई उभ्या असायच्या. मी येता-जाता पाहायचो. या बाईला ती सावली आवडते, असं मला खरोखर वाटायचं. आज हे लिहिताना माझी मलाच शरम वाटते.

वर्षं गेली. मी रेल्वेतून निवृत्त झालो, सचिवपद सोडलं, पण क्लब सुटला नाही. खेळणारे कमी होत होत आम्ही सात म्हातारे उरलो, आणि सातांच्या मिळून चौदा गुडघ्यांतले धड तीन-चारच. दोन वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये पत्र आलं. नवीन रुळांसाठी जागा लागणार होती, महिनाअखेर मैदान सोडायचं होतं. मी चिडलो, दोन अर्ज लिहिले, मग गप्प बसलो. रूळ नसते तर आम्हीही इथे नसतो. फाटकाची किल्ली तेवढी माझ्याकडे राहिली.

त्याच आठवड्यात चिंधा घरी आला. पायरीवरच बसला. खुर्ची दिली तरी आत आला नाही. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलून त्याने शर्टाच्या खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली आणि पिशवीतून चार घड्या घातलेला कागद.

"साहेब, हा कागद पाह्यता का?"

माझाच मेमो होता. घड्यांवर पिवळा पडलेला, शिक्का अजून जांभळा. सव्वीस वर्षांचा.

"हे काय रे, हे अजून जपून ठेवलंयस?"

"लागू हाये ना साहेब." त्याने कागद गुडघ्यावर सरळ केला. "घरची लई बिमार हाये. पोटात गाठ हाये, पसरली. डॉक्टर म्हने, दोनेक महिने. म्या इचारलं, तुले काय पाह्यजे? तं म्हने, तुमचं मैदान पाहाचं हाये. नऊच्या नऊ होल. आता मैदानाचेच बारा दिवस राह्यले. सोमवारी मी खेळतो अन् ती पाहीन. पन ह्यात लिह्यलं हाये, तिनं येऊ नई म्हनून. तेवढं रद्द करून द्या."

मी म्हणालो, "अरे, मी आता कोणी नाही. क्लबच राहिला नाही. खुशाल घेऊन ये त्यांना."

"तुमचीच सही हाये," तो म्हणाला. "लिहून द्या."

मला राग आला. माझ्यावर आला की त्याच्यावर, हे तेव्हा समजलं नाही. आत जाऊन लाल पेन आणलं. मेमोवर आडवं लिहिलं, 'कलम १ रद्द'. तारीख घातली, सही केली. सही जुनीच, झोकात. त्याने ते ओठ हलवत वाचलं, कागद पुन्हा पिशवीत ठेवला आणि हात जोडले. जाताना त्याची चाल हलकी झाली होती.

रविवारी संध्याकाळी त्याच्या मुलीचा फोन आला. संघमित्रा जळगावला नर्स आहे. "काका, आईच्या अंगात रक्त नाही, आणि तुम्ही तिला उन्हातान्हात मैलभर चालवणार?" मी म्हणालो, तुझ्या बापाला सांग. ती म्हणाली, "बाबांना नाही सांगता येणार. दर होलला तिला बसवा. पाणी पाजत राहा. साखर-मिठाचं."

सोमवार हा पहिल्यापासून नोकरांचा दिवस. त्या दिवशी मेंबर येत नसत, मग माळी आणि साहेबांचं सामान उचलणारी पोरं आपसात खेळत. चिंधाकडे बदली होऊन गेलेल्या एका साहेबाने दिलेली सात नंबरची स्टिक होती. मारायला तीच, ब्राऊनवर ढकलायलाही तीच. सकाळी सहाला रिक्षा पहिल्या होलपाशी आणली. कलाबाई उतरल्या. निळी साडी, काठ कडक इस्त्रीचे, आणि साडीच्या आत माणूस उरलेलंच नव्हतं. मी पाण्याची बाटली आणि घडीची खुर्ची घेतली. आयुष्यात प्रथमच चिंधाच्या मागे मी सामान घेऊन चालत होतो, आणि त्याचं मला काही वाटलं नाही.

त्याने कुऱ्हाड घालावी तसा पहिला फटका मारला. दिसायला ओंगळ, पण बॉल निंबांच्या दोन रांगांमधून सरळ गेला. मला जन्मात असा सरळ मारता आला नाही. ब्राऊनजवळ आल्यावर कलाबाईंनी आपणहून चपला काढल्या. कोणी सांगितलं नव्हतं. चिंधा म्हणाला, "तू झेंडा धर." त्यांनी होलमधली झेंड्याची काठी दोन्ही हातांनी धरली. बॉल होलमध्ये पडला तेव्हा त्या वाकून आत बघत राहिल्या.

"इतलं चालनं आनि या बिळमा टाकनं?" त्या म्हणाल्या. "पस्तीस वरीस हाईच करतस तुम्ही?"

"मी कुठी करतो? साहेब लोक करतात. मी पुसतो."

आणि तो पुसायला लागला. कडेला गोणपाट ठेवलेलं होतंच. मी म्हणालो, "अरे राहू दे. आता कोण येणार आहे?"

"राहू कसं देऊ साहेब? पाय दिसतात." गोल गोल फिरत तो बाहेर आला. मी दुसऱ्या होललाही एकदा म्हणून पाहिलं, मग नाद सोडला.

तिसरा होल रुळांना लागून. कलाबाई खुर्चीवर बसल्या, मालगाडी गेली, त्यांनी डबे मोजले आणि मध्येच विसरल्या. चौथ्याला चिंचेखाली त्या ब्राऊनच्या कडेलाच थांबल्या.

"हाईच ना ती?"

चिंधा म्हणाला, "हो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. हा माणूस तो का, असं. मला माफी मागायची होती. सव्वीस वर्षं ती बाई माझ्या एका कागदापायी कुंपणाबाहेर उभी राहिली होती आणि मी आज समोर आलो होतो. तोंडातून निघालं, "सावकाश, वहिनी." एवढंच. त्यांनी पाऊल टाकलं आणि त्या वाळूवरून सरळ चालत गेल्या, झेंड्यापर्यंत. पावलं तशीच होती, लहानखुरी. फक्त आता जवळजवळ पडत होती.

पाचव्याला चिंधाचा बॉल हरवला. दुसऱ्यांचे बॉल बाभळीतून, बिळातून, गुरांच्या शेणातून हुडकून काढणारा माणूस, आणि स्वतःचा सापडेना. शोधून शोधून तो कातावला. कलाबाई पळसाखाली खुर्चीवर होत्या. पळस फुललेला होता. "तठे देखा," त्यांनी हाताने दाखवलं. मुळांत, गळलेल्या फुलांखाली होता. त्यावरून त्यांनी नवऱ्याची बरीच टर उडवली आणि हसता हसता त्यांना धाप लागली. मी पाणी पुढे केलं.

सहावा लहान आहे, तो झाला. सातव्यापासून त्या चिंधाच्या खांद्यावर हात टाकून चालत होत्या. तो एका हातात स्टिक घेऊन त्यांच्या चालीने चालायचा, बॉलपाशी आला की त्यांना माझ्याकडे द्यायचा, फटका मारायचा, परत घ्यायचा. मधून मधून तो सांगत होता. इथी मुंगूस राह्यते. इथी मले विंचू चावला व्हता. इथी तुही आठवन यायची, कारन इथून कुंपन दिसते. हे शेवटचं तो इतक्या साध्या आवाजात बोलला की मी उगाच चप्पल झटकायला वाकलो.

आठव्या ब्राऊनवर त्याने स्टिक त्यांच्या हातात दिली. त्यांनी अंगण झाडावं तसा बॉल ढकलला. तो गेला, गेला आणि होलपासून वीतभर अलीकडे थांबला. त्यांनी जाऊन पायाच्या अंगठ्याने आत लोटला.

"गया," त्या म्हणाल्या.

नियमात बसत नाही. सचिव असतो तर मी बोललो असतो. मी फटके मांडायच्या कार्डावर तो मांडून टाकला.

नववा होल फाटकाशेजारी. तिथे पोचेपर्यंत ऊन चढलं होतं. कलाबाईंचा चेहरा पांढरा पडला होता आणि मी फोन करून रिक्षा तिथेच बोलावली. तरीही त्या झेंडा धरायला गेल्याच. झेंडा धरून उभ्या नव्हत्या, झेंड्याच्या आधाराने उभ्या होत्या. चिंधाचा बॉल ब्राऊनच्या पार कडेला होता, पंधरा-सोळा फुटांवर. त्याने वेळ लावला नाही. बॉल गेला आणि पडला. त्याचा आवाज मला अजून येतो. एकूण एक्कावन्न फटके. मी कार्डावर वर नाव लिहिलं, चिंधा सुरवाडे. त्या क्लबाच्या कार्डावर ते नाव त्याआधी कधी आलं नव्हतं.

आम्ही दोघांनी धरून त्यांना रिक्षात बसवलं. मी पुढे ड्रायव्हरच्या बाजूला चढलो. चिंधा म्हणाला, "दोन मिन्टं," आणि परत वळला.

"अरे, चल की आता," मी ओरडलो.

"पुसू द्या," कलाबाई मागून म्हणाल्या. डोळे मिटलेले होते. "त्यासले नही तं झोप येत नही."

रिक्षा चालू ठेवून आम्ही थांबलो. तो गोल गोल फिरत होता, न चुकता, मध्यापासून कडेपर्यंत. मग धावत आला आणि बायकोचं डोकं त्याने खांद्यावर घेतलं.

त्यानंतर त्या एकोणीस दिवस होत्या. शेवटचे सहा जळगावला, संघमित्राजवळ. मी भेटायला गेलो तेव्हा त्यांना बोलवत नव्हतं, पण ओळखलं. बोटांनी काहीतरी ढकलल्यासारखं केलं आणि हसल्या. आठव्या होलचं.

त्या गेल्यानंतरचा जलदानविधी झाल्यावर दोन दिवसांनी चिंधा माझ्याकडे आला. मैदान महिनाअखेरीस जायचं होतं, पण सरकारी कागद कुठेतरी अडला होता आणि किल्ली अजून माझ्याकडेच होती. "फाटक उघडून देता का साहेब?" एवढंच म्हणाला. मला वाटलं, फिरायचं असेल, मन मोकळं करायचं असेल. मी बरोबर गेलो.

तो नवव्यापासून उलटा न जाता सरळ पहिल्याला गेला, खेळायला जातात तसा. ब्राऊनच्या कडेला उकिडवा बसला, मान वाकडी करून उन्हाच्या तिरपेत वाळू न्याहाळली. उठला. दुसऱ्याला गेला. तिथेही तसंच. तिसऱ्याला मला कळलं तो काय शोधतोय.

वाळू स्वच्छ होती. निंबाची वाळलेली पानं, टिटवीच्या पायांच्या बारीक काड्या. बाकी काही नाही. त्या दिवसानंतर तिथे कोणी आलं नव्हतं, वारा नव्हता, पाऊस नव्हता. जे राहिलं असतं ते जसंच्या तसं राहिलं असतं.

"वाळू महिना-महिना धरते साहेब," तो चौथ्यावर म्हणाला. गुडघे टेकून बसला होता. "मले वाटलं, एखांदं असीन."

पाचवा, सहावा, सातवा. आठव्यावर होलच्या कडेला, जिथे त्यांनी अंगठा लावला होता, तिथे तो बराच वेळ बसला. नवव्यावर मात्र घाईने गेला. "इथी गडबड व्हती. रिक्षा उभी व्हती. इथी मी चुकलो असीन." त्याने ब्राऊनला दोन फेऱ्या मारल्या. एकदा बाहेरून, मग आतून. मीही शोधायला लागलो. एक टाच, एक बोट, काहीही. कुठेच चुकला नव्हता. पस्तीस वर्षांच्या सवयीचा हात होता तो.

तो तिथेच खाली बसला. मी बोलू नये ते बोललो. दुःख झालं की मला राग येतो, हा माझा जुना दोष आहे.

"मी सांगत होतो ना तुला त्या दिवशी, राहू दे म्हणून? पहिल्याच होलला सांगितलं होतं. कशाला पुसलंस?"

त्याने मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर तक्रार नव्हती. समजावून सांगावं तसं तो म्हणाला, "तुम्ही तोंडी म्हटलं व्हतं साहेब. लेखी तं एकच कलम रद्द केलं."

मला त्याच्यासमोर उभं राहवेना आणि बसताही येईना. त्या दिवशी लाल पेन माझ्या हातात होतं. दोन शब्द जास्त लिहायचे होते. त्याने मागितले नाहीत आणि मी दुसरं कलम वाचलंच नाही.

बऱ्याच वेळाने तो उठला. सवयीने त्याने कडेला पडलेल्या गोणपाटाची दोरी उचलली. मी ती त्याच्या हातातून काढून घेतली. त्याने दिली. फाटकाला कुलूप लावताना मी एकदा वळून पाहिलं. नवव्या ब्राऊनवर पावलंच पावलं झाली होती, त्याची आणि माझी. आम्हा दोघांनाही ती नको होती.